बायकोच्या झोपेचं काम: वहीतल्या नोंदी, देवगड

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, देवगड तालुक्यात. पंप, पंखे, मिक्सर, आंबेवाल्यांच्या फवारणीच्या मोटारी. बायको अंगणवाडी सेविका, वय ४८. माझी आई दोन वर्षं अंथरुणाला होती, रात्रीचं सगळं हिनेच केलं. आई गेल्या दिवाळीच्या आधी गेली आणि आम्हाला वाटलं आता ही पोटभर झोपेल, तर उलटंच झालं. दहाला पाठ टेकते, दीड-दोनला डोळा लागतो, सकाळी डोकं जड. तीन महिने वाट बघितली आणि मग वही घातली. त्या नोंदी इथे उतरवतोय, कुणाच्या घरी हेच चालू असेल तर माझे पैसे आणि दिवस कुठे वाया गेले ते तरी कळेल. हिने वाचून दोन ठिकाणी खोडलंय, बाकी तसंच.

८ फेब्रुवारी २०२५

सुरुवात मापाने करायची ठरवलं. कुठलीही मोटार आली की आधी मल्टिमीटर लावतो, मग खोलतो. तर मी जागा राहून हिला नेमकी कधी झोप लागते ते टिपायचं. मोबाइलचा उजेड नको म्हणून छोटी टॉर्च दातात धरून लिहिलं. ११.१० जागी. ११.४० जागी. सव्वाबाराला श्वास लांब झाल्यासारखा वाटला म्हणून हळूच विचारलं, "निजलंस काय गो?" तर म्हणते, "निजतच होतंय, तुमी उठवलास."

मग १.५०.

९ ते १२ फेब्रुवारी

आवाजाच्या मागे लागलो. पंख्याला टकटक होती, दोन वर्षं आहे, गावाचे पंखे नीट करतो आणि स्वतःचा तसाच. खाली उतरवला. वरचं ६२०२ बेअरिंग गेलेलं, खालचं ६२०१ बरं होतं पण खोललंय तर दोन्ही बदलली, अडीचचा कपॅसिटर फुगलेला तोही बदलला. बेअरिंगं १९०, कपॅसिटर ५०. तिन्ही पात्यांच्या टोकांचं अंतर दोऱ्याने मोजून वाकलेलं पातं सरळ केलं. रात्री पंखा असा फिरला की आवाजच नाही. मी मनात खूश.

साडेअकराला अंधारातून, "पंखो बंद पडलो काय?"

म्हणजे टकटकीची तिला सवय होती, आणि ती गेल्यावर बाकी सगळं ऐकू यायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ, कौलांवरून चालणारं मांजर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, समुद्रावरून ट्रॉलरच्या इंजिनाची घरघर. घड्याळ पडवीत नेलं. फ्रिजच्या पायाखाली रबर घातलं. मांजराचं काय करणार. ट्रॉलरचं तर त्याहून काय करणार. चार दिवस गेले आणि फरक शून्य, पण पंखा मात्र फर्स्ट क्लास झालाय.

१५ फेब्रुवारी

गादी मागवली. ऑनलाइन, मेमरी फोम, ९,५०० रुपये. मुलगा पुण्याहून म्हणाला घेऊन टाका बाबा.

२१ फेब्रुवारी

गादी फेल. फोम अंगाची ऊब धरून ठेवतो, पुण्याच्या थंडीत ठीक असेल, आपल्याकडे फेब्रुवारीतच घामाने पाठ चिकटते. हिने तिसऱ्या रात्री उठून जमिनीवर चटई टाकली. परत पाठवायला गेलो तर कुरियरवाला म्हणतो आमच्या पिनकोडला एवढा मोठा माल उचलत नाही, आणून द्यायचा. गुंडाळून आला तो डबा केव्हाच फेकलेला आणि गादी आता परत गुंडाळली जाईना. मी आणि शेजारचा दोघं गुडघे टेकून बसलो तरी नाही. कापसाची जुनी गादी उन्हात टाकून परत आणली. नवीन आता पाहुण्यांच्या खोलीत, म्हणजे मीच दुपारी लोळतो तिच्यावर.

२३ फेब्रुवारी

जायफळ. हे सगळेच सांगतात, दुधात उगाळून घ्यायचं. सांगणारे चिमूटभर सांगतात, मी म्हटलं हिचा त्रास मोठा तर डोस मोठा, अर्धं जायफळ किसून घातलं. रात्री काही झालं नाही, पहाटे तोंड कोरडं, छाती धडधडते, चक्कर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठता येईना, अंगणवाडीला रजा. जायफळ जास्त झालं तर विषासारखं चढतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणी करत असाल तर उगाळलेले दोन-तीन वेढे यापुढे जाऊ नका, आणि मी सांगेन तर तेही सोडा.

शेजारणीने स्वतःच्या झोपेच्या गोळ्यांच्या पट्टीतली अर्धी गोळी देऊ केली होती. ती मात्र घेतली नाही, झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाहीत एवढी अक्कल शाबूत होती.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा. रात्रभर रांगेत, पहाटे समुद्रावर, सकाळी घरी. येताना एसटीत ही दहा मिनिटांत गाढ, डोकं माझ्या खांद्यावर, बसला ब्रेक लागला तरी जाग नाही. घरी आल्यावर दुपारी तीन तास झोपली आणि रात्री अडीचपर्यंत टक्क.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. ही एसटीत झोपते. ओटीवर खुर्चीत बसल्या बसल्या झोपते. परवा मी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब करत होतो, ही भिंतीला टेकून पेंगली, साडेनऊ वाजले असतील, मी प्रेमाने उठवलं, "चल आत, नीट झोप." आत गेली, गादीवर पडली, आणि दोन वाजेपर्यंत आढ्याकडे बघत. म्हणजे झोप आहे. सप्लाय आहे, जोडणी तुटलीय, आणि ती नेमकी त्या खोलीतच तुटलीय.

५ मार्च

कणकवलीला फिजिशियनकडे. हे आधीच करायला हवं होतं, एक महिना आणि दहा हजार गेल्यावर केलं. फी ५००, रक्ताचे रिपोर्ट १,४५०. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवलं नाही पण बोलूही दिलं नाही. घोरते का, श्वास अडकतो का, पडल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटतात का, रात्री एकदम गरम होऊन घाम येतो का, पाळीचं काय, चहा किती, कशात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला ही हसली म्हणून माझ्या जिवात जीव आला. कुणाचं उत्तर हो असेल तर त्यांनी टेलि-मानसचा १४४१६ नंबर लिहून दिला होता, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी तो दुकानात चिकटवलाय.

थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन १०.४, लोहाच्या गोळ्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे दोनदा सांगितलं, चहाने लोह अंगी लागत नाही.

झोपेची गोळी दिली नाही. मला वाटलं १,९५० रुपये देऊन गोळीपण नाही. त्याऐवजी एक वेळापत्रक दिलं, म्हणाल्या याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे गोळीशिवाय, झोपेच्या सवयी बदलून करायचा उपचार, पहिले दोन आठवडे मला शिव्या द्याल. ते असं: उठायची वेळ एकच, रविवार असो की सण. दुपारची झोप बंद. गादीवर फक्त झोपायचं, मोबाइल नाही, भाजी निवडणं नाही, हिशेब नाही. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं आणि डोळे मिटायला लागले की मगच परत यायचं, वीस मिनिटं घड्याळात बघायची नाहीत. आणि आधी आठवडाभर सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं, किती वाजता पडले, कधी झोप लागली असेल, किती वेळा उठले.

"लिहायचं कुणी?" मी विचारलं. "ज्याची झोप त्याने," म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं.

६ मार्च

चहावरून भांडण. डॉक्टरांनी दुपारी दोननंतर बंद सांगितला. हिचा संध्याकाळी सातचा कोरा चहा म्हणजे देवाच्या दिव्याइतका नेमाचा. चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, सातचा चहा बारापर्यंत अर्धा अंगात असतो, असं मी समजावलं. "चाय सोडूक सांगू नका, बाकी काय ता सांगा." शेवटी सातला आल्याचं गरम पाणी गूळ घालून, त्याच कपात, त्याच जागी बसून. चार दिवस तोंड वाकडं होतं.

१७ मार्च

एक आठवड्याची वही झाली, मध्ये शिमगा आला तरी हिने लिहिलं. हिशेब: गादीवर रात्री दहा ते सकाळी साडेसहा, साडेआठ तास. झोप सरासरी पाच तास. पाचला साडेआठने भागलं तर ५९ टक्के. फोनवर कळवलं. डॉक्टर म्हणाल्या, मग गादीवर साडेपाच तासच राहायचं, त्याखाली कुणालाही जायला सांगत नाही. रात्री बारा ते पहाटे साडेपाच. टक्का आठवडाभर ८५ च्या वर गेला की पंधरा मिनिटं वाढवायची.

मला हे उफराटं वाटलं. झोप येत नाही तर अजून कमी झोपा. पण मग आठवलं, व्होल्टेज कमी असताना सगळ्या वाडीत एकदम पंप लावले तर एकही नीट उचलत नाही, दोन बंद केले की उरलेला उचलतो. डॉक्टरांना सांगितलं नाही हे, हसल्या असत्या.

एक महत्त्वाचं, त्यांनी बजावून विचारलं होतं: फिट्स येतात का, आधी कधी मनाच्या आजाराचं मोठं दुखणं झालंय का, गाडी चालवता का. असं काही असेल तर हे आपल्या मनाने करायचं नाही. हिची स्कूटी त्या दिवसापासून बंद, मी सोडायला-आणायला.

पाडव्यापर्यंत शिमग्याच्या पाहुण्यांचा राबता आहे, तरी २४ ला सुरू करायचं ठरलं.

२४ ते ३० मार्च

कठीण. झोपवणं सोपं होतं हो, जागं ठेवणं कठीण. साडेनऊला आमची वाडी सामसूम होते, साडेदहाला हिचे डोळे मिटायला लागतात (आता बरे मिटतात!) आणि बारापर्यंत ढकलायचं. पहिल्या रात्री टीव्ही लावला तर मीच झोपलो. दुसऱ्या रात्रीपासून कामं शोधली. आंब्याचा सीझन चालू आहे ते बरं, पेट्यांना तळाशी पेंढा घालायचा, फळांची प्रतवारी करायची, डाग पडलेला बाजूला. उभ्याने करायची कामं चालतात, बसून केलेली नाही. काजूगर सोलायला बसली आणि चौथ्या मिनिटाला मान खाली.

चौथ्या दिवशी भाकरी जळली. पाचव्या दिवशी माझ्यावर पातेलं आपटलं. "डॉक्टरनी तुमकाच दिल्यान काय कामाचा कंत्राट?" सातव्या दिवशी पाडवा, साडेपाचला उठायचंच होतं गुढीसाठी, त्यामुळे तो एक दिवस भांडणाशिवाय गेला.

पहिल्या आठवड्याचा टक्का: झोप ४ तास २५ मिनिटं, ८० टक्के. वाढ नाही.

२ एप्रिल

रात्री उठून बसायची जागा. हे मी चुकीचं केलं. ओटीवर खुर्ची ठेवली आणि दिवा होता तो बारा वॉटचा पांढरा एलईडी, ऑपरेशन थिएटर झालं नुसतं. शिवाय डास. बदललं: कोपऱ्यात खालच्या पातळीवर अर्ध्या वॉटचा पिवळा नाइट लॅम्प (४० रुपये), खुर्चीला आईची जुनी मच्छरदाणी टांगली. मोबाइल माजघरात चार्जिंगला. हिचं पोषण ट्रॅकरचं (अंगणवाडीचं सरकारी ॲप) भरणं रात्री चालायचं, कारण दिवसा अंगणवाडीत रेंज नसते, ते आता आठच्या आत, मी फोन घेऊन खळ्यात जाऊन उभा राहतो, रेंज मिळते.

६ एप्रिल

दुसरा आठवडा: ४ तास ५५ मिनिटं, ८९ टक्के. पंधरा मिनिटं मिळाली! पावणेबारा. हिने मुलाला फोन करून सांगितलं जसं काही प्रमोशन झालं.

९ एप्रिल

रात्री एकला ही उठून ओटीवर गेली. मला राहवलं नाही, मागून गेलो, शेजारी बसलो, पाणी हवं का विचारलं. "तुमी कित्याक इलास?" काही बोललो नाही. पण बसून राहिलो. त्या रात्री तीन वाजले.

१८ एप्रिल

हे लिहायला लाज वाटते. आठ दिवस खिडकीतून पांढरा उजेड येतोय, भिंतीवर चौकोन पडतो, थेट गादीच्या उशाशी. शेजारच्या होमस्टेचा पन्नास वॉटचा फ्लड लाइट, पर्यटक सुरू झाल्यापासून रात्रभर चालू. मी तावातावाने सांगायला गेलो की कुठल्या गाढवाने तोंड आमच्याकडे करून बसवलाय. ते म्हणाले, तुम्हीच. खरंय. जानेवारीत मीच बसवला, मजुरी ६०० घेतली, ब्रॅकेट सरळ बसत नव्हतं म्हणून तिरका मारला होता.

दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेलो, तोंड गेटकडे खाली वळवलं, मोशन सेन्सर लावून दिला, ३५० माझ्या खिशातून.

२७ एप्रिल

हिच्या उशाच्या वर भिंतीत एक बेल आहे. आईच्या पलंगाला मी बटण लावलं होतं, आईने दाबलं की इथे वाजायची. आई गेल्यावर पलंग काढला, बटण काढलं, बेल राहिली. वहीत दिसतंय की ही झोपली तरी दीडच्या सुमाराला दचकून उठते. आईचं औषध दीडला असायचं.

आज बेल काढली, वायर मागे ओढून घेतली, भोक पीओपीने भरलं. रंग जुळत नाही, पांढरा ठिपका राहिलाय. मला वाटलं हीच ती मुख्य गोष्ट, आता सुटलं. रात्री दीडला दचकून उठली. दुसऱ्या रात्रीही. ती बेल गेले सहा महिने कुठे वाजत होती, की काढल्याने थांबेल.

११ मे

आज जे सापडलं ते मी स्वतःहून कधी शोधलं नसतं.

महिन्याचा हिशेब करायला हिची वही घेतली. हिचे कॉलम: पडले, झोप लागली, किती वेळा उठले, उठले. आणि सगळ्यात शेवटी एक कॉलम, वर काही नाव नाही, काही तारखांपुढे बारीक बरोबरची खूण. विचारलं हे काय. म्हणाली, काही नाही. पुन्हा विचारलं. "तुमी जागे होतास ते दिवस."

मी जागा असतो हे तिला कळतं. अर्थात कळतं, तीस वर्षं एका खोलीत. मी श्वास धरून पडतो, कूस बदलत नाही, ती हलली की मान वळवतो. मला वाटायचं मी गुपचूप लक्ष ठेवतोय. ती तिकडे पडून विचार करते की हे अजून जागे आहेत, उद्या यांना खांबावर चढायचंय, आता मला झोप लागली पाहिजे, लवकर लागली पाहिजे. आणि ती घाई केली की झोप जवळ फिरकत नाही. आईच्या वेळी ती कान देऊन पडायची, आता माझ्यासाठी कान देऊन पडते. पहारा तोच, माणूस बदलला.

बेरीज केली. खुणेचे १९ दिवस, झोप लागायला सरासरी ७० मिनिटं. बिनखुणेचे १२, त्यातले बरेच मी पेट्या चढवून मेल्यासारखा झोपलो तेव्हाचे, ३० मिनिटं.

मी म्हटलं सांगितलं का नाहीस. म्हणाली, "तुमी एवढा सगळा करतास, काय सांगू?"

१२ मे ते २४ मे

आता दुरुस्ती माझी. दहाला गादीवर, भिंतीकडे तोंड, कानात बोळे. काही विचारायचं नाही. रात्री ती उठली तर उठायचं नाही. सकाळी "काल कशी झोप?" हेही नाही, हे सगळ्यात कठीण गेलं, चहा ओतताना जिभेवर येतं. दोन वेळा चुकलो. एकदा नुसतं चेहऱ्याकडे बघितलं तर म्हणाली, "बघू नका तसे."

पहिल्या चार-पाच रात्री मी झोपेचं सोंग केलं. ते तिला लगेच कळतं, मी खरा झोपतो तेव्हा घोरतो म्हणे. तेव्हा सोंग उपयोगाचं नाही, खरंच झोपावं लागतं. म्हणून मीही दुपारचं पाहुण्यांच्या खोलीत लोळणं बंद केलं आणि संध्याकाळी सड्यावरून चालून यायला लागलो. वजन दीड किलो उतरलं, ते या प्रकल्पात नव्हतं.

मध्येच वीज. वादळी वारा सुटला की रात्री जातेच. आमचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा, त्याच्यावर पंखा गुणगुणतो, दुरुस्त केलेला असला तरी. साइन वेव्हचा घ्यायला हवा, पण गादीचे पैसे गेलेत, दिवाळीनंतर बघू. तोवर वीज गेली की टेबल फॅन डीसीवरचा, बारा व्होल्टचा, जुन्या बॅटरीवर.

२५ मे

पाऊस. मान्सून आजच देवगडात, दरवर्षी जूनची वाट बघतो आणि यंदा मे संपायच्या आत, पडवीचं प्लास्टिक बांधलेलं नाही, शेवटच्या दोन बागांचे आंबे झाडावर. मला वाटलं पडवीच्या पत्र्यावर हा ताशा वाजतोय, आज हिची झोप गेली. सकाळी वहीत बघितलं (विचारलं नाही): "लागली लवकर. एकदाही नाही उठले."

१५ जून

खिडकी, म्हणजे गादीवर राहायची वेळ, आता सव्वाअकरा ते साडेपाच. झोप ५ तास ३५ मिनिटं, ८९ टक्के. १ जूनपासून ट्रॉलरही बंद आहेत, ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, त्यामुळे समुद्राचा फक्त समुद्र ऐकू येतो. पाऊस थांबला की मात्र बेडकं. ती ट्रॉलरपेक्षा वाईट, पण त्यांच्याबद्दल ही तक्रार करत नाही.

दीडचं दचकणं आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी आहे. कुठल्या दिवशी बंद झालं असं सांगता येत नाही, जूनमध्ये कधीतरी खुणा विरळ होत गेल्या.

८ ते १४ जुलै

घसरलं. मुलाची नोकरी जाते की राहते असं चाललेलं, त्यात हिच्या कामाचं महिन्याचं भरणं. चार रात्री एक-दीड वाजले. पाचव्या रात्री मी तोंड उघडलंच, म्हटलं पुन्हा डॉक्टरांकडे जाऊया. हिने स्वतःच खिडकी परत बारा ते साडेपाचवर आणली, मला विचारलंही नाही. दुपारी तांदूळ निवडताना पेंग आली तर उठून विहिरीवर गेली तोंड धुवायला. आठवड्यात गाडी रुळावर. मी काहीही केलं नाही, याची नोंद मुद्दाम करतोय.

३ ऑगस्ट

खर्च एकदा लिहितो. वाया: गादी ९,५००, जायफळ आणि एक रजा, आवाजाच्या मागे गेलेले चार दिवस. धड वाया न गेलेले पण कामालाही न आलेले: बेअरिंग-कपॅसिटर २४०, बेलच्या भोकाचं पीओपी. कामाला आलेले: डॉक्टर आणि रिपोर्ट १,९५०, लोहाच्या गोळ्या, नाइट लॅम्प ४०, सेन्सर ३५०, कानातले बोळे ६०. लोहाने झोपेला किती मदत केली ते मला सांगता येणार नाही, थकवा मात्र कमी झालाय, हिमोग्लोबिन ११.९.

१६ ऑगस्ट

पावणेअकरा ते साडेपाच. सहा तास, ८९ टक्के. झोप लागायला अंदाजे पंचवीस मिनिटं. स्कूटी परत सुरू.

हिने आज वही बंद केली. पानं शिल्लक आहेत, त्यात आता भजनी मंडळाची वर्गणी लिहिते.

२२ ऑगस्ट

२७ ला गणपती. मुंबईहून अकरा माणसं येतायत, रात्री आरत्या, भजनं, पहाटे नैवेद्याची तयारी, वेळापत्रकाचं काय होणार ते दिसतंच आहे. उठायची वेळ तेवढी सोडायची नाही एवढं हिने ठरवलंय. नवीन गादी हिच्या नणंदेला, तिला फोम आवडतो. ओटीवरची खुर्ची आणि मच्छरदाणी काढायची का विचारलं, जागा लागणार आहे माणसांना. नको म्हणाली, असूदे.

माझी सोय माळ्यावर केलीय. मी घोरतो, पाहुण्यांना त्रास होईल. यावर ही म्हणाली, "ते खय जावचे नाय, हयसरच निजतले."